तंगुसात ओवलेली बटणं

आमच्या पहिल्या पत्रकाचा मथळा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिला. ‘बंदूक पोलिसांची हरवते, हात गरिबाचा मोडतो.’ समोर पपा बुटांना पॉलिश करत बसले होते. पपा पोलीस हवालदार, खाडीच्या तोंडावरच्या एका लहान ठाण्यात. तिथल्या हत्यारखोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. कागद त्यांनी हात लांब करून वाचला.

“बरां लिवलंस,” ते म्हणाले. “फकत वाटताना बापूस काय काम करता तां कोणाक सांगू नको.”

“सगळ्यांक म्हायत आसा, पपा.”

“मगे मोठ्यान सांगू नको.”

मथळ्यातला हात खरा होता. घाटाखालच्या एका ठाण्याची रायफल बंदोबस्ताहून परतताना नाहीशी झाली होती. गाडी वाटेत जिथे थांबली होती, तिथल्या काजूच्या बागेचा राखणदार पोलिसांनी उचलला. चार दिवस ठेवला. रायफल सापडली ती पोलिसांच्याच गाडीत, मागच्या बाकाखाली, ताडपत्रीच्या घडीत. त्याला सोडताना माफी वगैरे कुणी मागितली नाही. “जा आता” म्हणाले आणि तो गेला. मी त्याला भेटायला गेले तेव्हा मनगट वाकडं सांधलेलं होतं आणि तो डाव्या हाताने काजूच्या बोंडातून बी पिळून काढत होता. मी माझी वही उघडली. तो म्हणाला, “लिवन काय करतलंस? तेंच्या बंदुकीच्या गळ्यात घाट बांद. म्हशीच्या बांदतत तशी. खंय गेली तां तरी कळात.”

घाट म्हणजे गुरांच्या गळ्यातली घंटा. त्या घंटेवर आम्ही पाच जणांनी दीड वर्ष मोहीम चालवली. नांदगाव स्टेशनात गाडीची वाट बघणाऱ्यांना पत्रकं दिली, वैभववाडीच्या बाजारात दिली, फोंडाघाटात घाट चढण्याआधी चहाला थांबणाऱ्या ट्रकवाल्यांना दिली. लोक घडी घालून खिशात ठेवत आणि पुढच्या टपरीवर त्याच कागदावर भजी खात. वैभववाडीत भाजी विकणाऱ्या एका बाईने पत्रक उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाली, “पोलिसांची बंदूक हरवली तर हरवांदे गो. कोणाक तरी गावली तर डुकरां तरी मारीत. माज्या रताळ्यांचो सत्यानाश झालो तेचा पत्रक काड मगे बगू.” आमच्यातला एक जण हसला. मी हसले नाही. मी तेव्हा कशालाच हसत नव्हते, मला हसणारी माणसं बेजबाबदार वाटत.

माहितीच्या अधिकारात अर्ज केला, किती हत्यारं गहाळ आहेत म्हणून. उत्तर आलं, माहिती गोपनीय. अपील केलं. उत्तर आलं, माहिती संकलित नाही. म्हणजे आधी गोपनीय ठेवलेली गोष्ट त्यांच्याकडे नव्हतीच! या एका वाक्यावर मी दुसरं पत्रक काढलं आणि ते चाललं. पेपरात आलं, कुणी तरी वर प्रश्न विचारला, कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं, आणि एक दिवस जाहीर झालं की काही ठाण्यांत प्रायोगिक तत्त्वावर प्रत्येक हत्याराला टॅग बसवणार. त्या ठाण्यांच्या यादीत पपांचं ठाणं होतं.

टॅग म्हणजे राखाडी रंगाचं बटण, शर्टाच्या बटणाहून जरा जाड. पिस्तुलाच्या मुठीत किंवा रायफलच्या दस्त्यात एका छोट्या खोबणीत ते बसायचं. हत्यारखोलीच्या दारावर एक यंत्र आणि आत भिंतीवर एक यंत्र. ही दोन यंत्रं बटणं ओळखणार आणि जिल्ह्याच्या पडद्यावर दाखवणार, कुठलं हत्यार आत आहे, कुठलं बाहेर गेलं. उद्‌घाटनाला मलाही बोलावलं होतं. पुरवठादाराचा माणूस समजावून सांगत होता. मी विचारलं, “म्हणजे हरवलं तर नकाशावर दिसणार ना?”

“नाही हो मॅडम. हे खोलीपुरतं आहे. दाराबाहेर गेलं की बाहेर गेलं, एवढंच कळतं. पुढचं नाही कळत.”

आमच्या पत्रकात लिहिलं होतं, ‘आता प्रत्येक हत्यार स्वतः सांगेल मी कुठे आहे.’ मी ते वाक्य बदललं नाही. छापून झालं होतं, आणि चांगलं वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला.

आता हे यंत्र किनाऱ्यावरच्या ठाण्यात कसं चालणार, हा विचार वरच्या कुणी केला नव्हता. मीही केला नव्हता. घरात हवालदार असून मी एकदाही त्यांना विचारलं नाही की पपा, तुमची ड्युटी खरंच बारा तासांत संपते का? कारण यंत्राला तसं वाटत होतं. बारा तासांत हत्यार परत आलं नाही की यंत्र ओरडायचं, जिल्ह्याला निरोप जायचा, आणि दोन दिवसांनी त्या शिपायाच्या नावाने कसुरी यायची. कसुरी म्हणजे तू चुकलास असं लिहिलेला कागद. बंदोबस्ताला पाठवलेला माणूस तीस तासांनी परतायचा तो थेट कसुरीत. खारी हवा लागून दारावरचं यंत्र कधी कधी उगीचच ओरडायचं, त्याचीही कसुरी यायची. जे शिपाई आधी मला बघून “काय म्हणता पुढारी?” म्हणत, ते तोंड फिरवू लागले.

मग खंडेनवमी आली. ठाण्यात त्या दिवशी सगळी हत्यारं बाहेर काढून, साफ करून, टेबलावर चादर अंथरून मांडतात. साहेब पूजा करतात, झेंडूचे हार घालतात. साफसफाईचं काम दरवर्षी पपांकडे. आम्ही ख्रिस्ती, पण या कामाला त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलेला साहेबांना चालत नसे. पपा एकेक पुर्जा सुटा करून तेल लावायचे, जुन्या धोतराच्या चिंध्यांनी पुसायचे. त्या वर्षी त्यांना बटणांची भीती वाटली. तेल आत जाईल, वर हळद-कुंकू पडेल, बटण बिघडेल, पुन्हा कसुरी येईल. म्हणून त्यांनी सगळी बटणं काढली, हरवू नयेत म्हणून मासे पकडायच्या नायलॉनच्या दोऱ्यात, तंगुसात ओवली, गाठ मारली आणि ती माळ हत्यारखोलीतल्या खुंटीला अडकवली.

हत्यारं दिवसभर बाहेर टेबलावर होती. त्यातली चार तर पूजेनंतर तशीच बंदोबस्ताला गेली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. यंत्र ओरडलं नाही. जिल्ह्याच्या पडद्यावर सगळं आत होतं.

त्यानंतर ती माळ कुणी सोडलीच नाही.

पपांनी हे मला जेवताना सांगितलं. बांगड्याचं तिखलं होतं, मम्मी वाढत होती आणि पपा हसत होते. “तुजी बटनां आता खुटयेर आराम करतत. आमी जातो डुटयेक आणि तीं रवतत घराक. सायबाची नोकरी तीच करतत.”

“पपा, ह्यां चुकीचां आसा.”

“मगे बारा तासांत सोडूक सांग तुज्या सरकाराक. मी आत्ताच्या आत्ता परत घालतंय.”

सरकार माझं ऐकत नव्हतं हे ठीक, पण पत्रक तर होतं ना? पाच माणसं होती, छपाईवाला ओळखीचा होता. ‘यंत्रणा खोटी आहे, बटणं खुंटीवर आहेत, कारण तुम्ही माणसांना तीस तास राबवता.’ असं पत्रक मी एका संध्याकाळी लिहू शकले असते. लिहिलं नाही. योजनेचा अहवाल यायचा होता. तो चांगला आला तर सगळ्या जिल्ह्याला टॅग मिळणार होते आणि ते आमच्या मोहिमेचं यश ठरणार होतं. अहवाल आला. त्यात पपांच्या ठाण्याचं कौतुक होतं, एकही तक्रार नाही म्हणून. कितीतरी महिने त्या ठाण्याचं एकही हत्यार एकदाही खोलीबाहेर पडलेलं नाही, हे पडद्यावर दिसत असताना एकाही साहेबाला प्रश्न पडला नाही की मग हे पोलीस बंदोबस्ताला काय लाटणी घेऊन जातात? नाही पडला. आणि मला तर उत्तरच माहीत होतं. मी गप्प बसले. मी लोकांच्या गप्प बसण्यावर किती पत्रकं काढली आहेत.

नारळी पौर्णिमेला आमच्या जेटीवर नारळ लढवायची स्पर्धा असते. हातातला नारळ दुसऱ्याच्या नारळावर आपटायचा, ज्याचा फुटेल तो हरला. मग समुद्राला नारळ अर्पण करतात. पाऊस होता, खाडीला भरतीचा जोर होता, गर्दीही होती. पपा बंदोबस्ताला होते, कमरेला पिस्तूल, वरून रेनकोट. अर्पण केलेला नारळ परत आणतो म्हणून एका माणसाने पैज मारून पाण्यात उडी घेतली. दारू घेतलेली होती त्याने आधीच. दोनदा डोकं वर आलं, तिसऱ्यांदा येईना. पपांनी रेनकोट फेकला आणि बुटांसकट उडी मारली. त्याला केसांना धरून जेटीच्या खांबापर्यंत आणलं. लोकांनी दोघांना वर ओढलं. टाळ्या वाजल्या. पपांनी कमरेला हात लावला तर पिस्तुलाचं कव्हर उघडं होतं आणि पिस्तूल बांधायची दोरी तुटून लोंबत होती. ती दोरी खाऱ्या पाण्याने कुजली होती. बदलून द्या म्हणून त्यांनी दोनदा लिहिलं होतं.

ते ओल्या कपड्यांनीच ठाण्यात गेले आणि स्टेशन डायरीत स्वतःच्या हाताने लिहिलं, अमुक पिस्तूल अमुक ठिकाणी पाण्यात पडून गहाळ. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी खोटी नोंद केली नव्हती, ही पण खरी केली. त्यांना वाटलं होतं, फार तर कसुरी येईल.

दुसऱ्या दिवशी त्यांना जबाबासाठी जिल्ह्याला बोलावलं. तिथल्या मोठ्या साहेबांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. ते पिस्तूल शेवटचं बाहेर गेल्याची तारीख पडद्यावर गेल्या दसऱ्याच्या आधीची होती. आणि या क्षणीही, साहेब म्हणाले, ते आतच आहे. मग खाडीत काय पडलं?

“उडी मारलीत ते मान्य,” ते म्हणाले. “शेकडो लोकांनी पाहिलं. पण कव्हरात पिस्तूल होतं हे कुणी पाहिलं?”

“रजिस्टरात नोंद आसा... आहे, साहेब. सकाळी घेतल्याची.”

“रजिस्टर कोण लिहितं?”

“मीच.”

एवढं बोलणं पपांनी मला घरी जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या डोक्यात अजून एकच होतं, साहेब ठाण्यात येतील, खुंटीवरची माळ बघतील आणि सगळा उलगडा होईल. सगळ्यांवर कसुरी येईल आणि विषय संपेल.

साहेब आले तेव्हा खुंटी रिकामी होती. पपा जिल्ह्याला गेलेले असताना ठाण्यातल्या लोकांनी तंगूस कापून बटणं ज्याच्या त्याच्या हत्यारात बसवली होती. एक बटण उरलं, कारण त्याचं पिस्तूल खाडीत होतं. ते त्यांनी हत्यारखोलीतल्याच पपांच्या टेबलाच्या खणात ठेवलं. तिथेच ते पंचांसमक्ष मिळालं. म्हणजे झालं असं की सगळ्या ठाण्यात एकाच हत्याराचं बटण काढलेलं, आणि ते काढणारा कोण, तर ज्याच्या खणात सापडलं तो. बटण काढायचं, पिस्तूल विकायचं, आणि मग एखाद्या पाण्यात पडणाऱ्याची वाट बघायची. साहेबांना हे पटलं. कागदावर बघितलं तर मलाही पटलं असतं. गुन्हा दाखल झाला, सरकारी शस्त्राचा अपहार. पपा निलंबित झाले. तीन दिवस कोठडीत राहून जामिनावर घरी आले.

त्यांच्याबरोबर वीस वर्षं काढलेला एक जमादार आमच्या मागच्या दाराशी आला होता. नाताळात आमच्याकडे जेवणारा माणूस. आत ये म्हटलं तर आला नाही.

“हवालदारांनु, माका समजून घेवा. सगळ्यांची नावां इली असती. माजी पोरां अजून शिकतत.”

“माजां चेडू शिकान बसलां म्हणान माजां नाव चलता?” पपा म्हणाले.

“तुमची दोन वर्सां रवली. आमची अजून बरीच नोकरी पडली आसा.”

मी ओरडले त्याच्यावर. काय काय बोलले आठवत नाही, भित्रे म्हणाले, चोर म्हणाले. त्याने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, “बाय, तुका पण म्हायत होतां.” आणि गेला.

आता एकच गोष्ट पपांना वाचवू शकत होती. पिस्तूल खाडीत सापडायला हवं होतं. खात्याने एक होडी आणि दोन पाणबुडे पाठवले, त्यांनी एक तास शोधलं आणि गढूळ पाण्यात दिसत नाही असं लिहून गेले. मग शेजारच्या मावशीने मनावर घेतलं. ती आणि तिच्याबरोबरच्या बायका ओहोटीला खाडीच्या चिखलात तिसऱ्या म्हणजे शिंपल्या काढतात. वाकून शोधत नाहीत, पायाने शोधतात. चिखलात पाय सरकवत जायचं आणि बोटांना काय लागलं त्यावरून ओळखायचं, शिंपली की दगड की काच. मावशी म्हणाली, “इतक्या वर्सांत माज्या पायाक खडो आणि तिसरी यांची चूक झाली नाय. पिस्तूल म्हणजे काय बारीक वस्तू?” सहा ओहोट्या त्या आठ जणी जेटीच्या खांबांभोवती फिरल्या. मीही गेले. माझ्या पायांना सगळंच चिखल लागत होतं.

सातव्या ओहोटीला मी घरी होते. मावशी मागच्या दाराने आली, डोक्यावर तिसऱ्यांची पाटी. पाटी खाली ठेवली, तिसऱ्यांत हात घातला आणि पदरात गुंडाळलेलं पिस्तूल काढून माझ्या हातात दिलं.

“घे गो बाय. तुज्या बापाशीचां खेळणां. चिखलान भरलेलां, धुवन आणलंय.”

मी रडायला लागले. मम्मी मावशीच्या गळ्यात पडली. मी पिस्तूल स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, फडक्याने पुसलं, मोबाइलवर फोटो काढला आणि मोहिमेला जोडलेल्या लोकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. ‘सापडलं’, पुढे तीन उद्गारचिन्हं.

पपा बाहेरून आले. टेबलाकडे बघून दारातच उभे राहिले.

“खंय गावलां?”

“तिसऱ्या खांबाच्या मुळात,” मावशी म्हणाली. “माज्या टाचेक लागलां.”

“थंयच ठेवूक होयां होतां. पोलीस बोलवक होये होते. पंच होये होते.”

“थंय ठेवलां असतां तर भरतेन नेलां असतां! आणि कायतरीच काय, वस्तू तुजी, मी तुज्या घराक आणून दिली. दुसरां खंय देतलंय?”

ती चुकीचं काय बोलत होती? आमच्या गावात कुणाचं जाळं वाहून आलं, कुणाची कोंबडी चुकली, तर ज्याची त्याच्या घरी पोचवतात. पण आत्ता आमच्या टेबलावर, चोरीचा आरोप असलेल्या माणसाच्या घरात, चोरीला गेलेलं पिस्तूल होतं. स्वच्छ धुतलेलं. चिखल नाही, शेवाळ नाही. आणि त्याचा फोटो मी स्वतः चाळीस लोकांना पाठवला होता.

पपा त्याच पावली ते घेऊन ठाण्यात गेले. कागद झाला, ‘आरोपीच्या ताब्यातून हस्तगत.’ मावशी ठाण्याच्या पायरीवर दोन तास बसली, मी सांगते मला कुठे सापडलं म्हणून. तिला आत घेतलंच नाही. संध्याकाळी ती उठली आणि जाताना मला म्हणाली, “तू तां पत्रक बित्रक काडतंस मगे? आता काड मगे.”

पेपरात बातमी आली, टॅगमुळे गहाळ पिस्तुलाचा छडा. खणातल्या टॅगवरून संशय, संशयावरून तपास, तपासावरून हस्तगत. योजनेतलं हे परत मिळालेलं पहिलं हत्यार. विस्ताराच्या कार्यक्रमाला दोन शब्द बोलाल का, असा मला फोन आला. फोन करणाऱ्याला मी कुणाची मुलगी आहे हे माहीत नव्हतं. मी फोन ठेवून दिला.

मग मी ते केलं जे खंडेनवमीलाच करायला हवं होतं. जिल्ह्याला गेले, साहेबांसमोर बसले आणि म्हणाले, मला जबाब द्यायचा आहे. पपांनी नको म्हटलं होतं. “माळ मीच बांदलंय. तां सांगून माजीच मान अडाकतली.” मी ऐकलं नाही. मी म्हणाले, सगळं खरं सांगितल्यावर कशी अडकेल? मी तीस वर्षांची नाही अजून, पण इतकी बावळट असायला तेवढंही वय जास्तच आहे.

साहेब शांत होते. चहा मागवला. “तुम्ही बोला, हे लिहून घेतील,” म्हणाले. कोपऱ्यात एक कारकून संगणकावर बसला होता. मी सगळं सांगितलं. बारा तास, कसुऱ्या, खंडेनवमी, तंगूस, खुंटी, सगळ्या हत्यारांची बटणं. तुमच्याच पडद्यावर बघा म्हणाले, कितीतरी महिने त्या ठाण्याचं एकही हत्यार हललेलं दिसत नाही, हाच पुरावा आहे. जेवताना पपांनी हसत सांगितलं, हेही सांगितलं. मावशीच्या टाचेबद्दल सांगितलं.

कारकुनाने कागद छापून माझ्यापुढे ठेवला. अर्धं पानसुद्धा भरलं नव्हतं. ‘माझे वडील यांनी सदर पिस्तुलाचा टॅग स्वतः काढून ठेवल्याचे मला घरी जेवतेवेळी समक्ष सांगितले होते. सदर बाब मी कोणासही कळविली नाही. सदर पिस्तूल मी आमचे राहते घरी टेबलावर पाहिले व त्याचा फोटो काढला.’

“बाकीच्या हत्यारांचं कुठंय?”

“बाकीची हत्यारं जागेवर आहेत, मॅडम. त्यांची तक्रार नाही. तो तपासाचा भाग नाही.”

“आणि खांबाखाली सापडलं ते?”

“तुम्ही तिथे होतात?”

“नाही, पण...”

“मग ऐकीव झालं.”

“पपांनी जेवताना सांगितलं ते ऐकीव नाही?”

साहेब पहिल्यांदा हसले. “ते आरोपीचं बोलणं आहे. ते तुम्ही स्वतः ऐकलंय.”

मी कागद परत सरकवला. “मी यावर सही करणार नाही.” मला वाटलं मी काहीतरी थोपवलं. आमच्या जुन्या पत्रकात मोठ्या अक्षरात तेच छापलेलं होतं, न वाचता सही करू नका, पटत नसेल तर सही करू नका. किती जणांना मी हे शिकवत फिरले. साहेबांनी कागद उचलून फाइलमध्ये लावला.

“सही कुणी मागितली? पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतच नाहीत. कायद्यात तसंच आहे. चहा घ्या, गार होतोय.”

पपा बाहेर बाकावर बसले होते. निलंबित माणसाला रोज मुख्यालयात येऊन हजेरी लावावी लागते, ती लावून ते माझ्यासाठी थांबले होते. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, रागावले नाहीत. एवढंच विचारलं, “चाय घेतलंस?”

आरोपपत्र आलं तेव्हा वकील आमच्या ओसरीत बसून पानं उलटत होते. साक्षीदारांच्या यादीवर त्यांचं बोट थांबलं. जमादार होता, पंच होते, योजनेचा माणूस होता. नवव्या क्रमांकावर मी होते. सरकारतर्फे.

“तुम्हाला कोर्टात एकच विचारतील,” वकील म्हणाले. “टॅग मी काढला असं वडिलांनी तुम्हाला सांगितलं होतं का? उत्तर हो किंवा नाही. बाकीचं मी उलटतपासणीत काढायचा प्रयत्न करीन. मावशीला साक्षीला आणू, पण तिने पिस्तूल धुऊन तुमच्याच घरी दिलं, पंच कुणी नव्हते. आणि पडद्यावर शेवटची तारीख तेवढी राहते, जुन्या नोंदी मागितल्या तर म्हणतात, नव्वद दिवसांच्या वर जपत नाहीत. ठाण्यातला एकही माणूस माळ पाहिली म्हणणार नाही. म्हणजे सगळ्याच हत्यारांची बटणं काढली होती असं फक्त तुम्ही म्हणणार, आणि तुम्ही मुलगी.”

“मी नाही म्हटलं तर?”

वकिलांनी पपांकडे बघितलं.

“शपथ घेवन खोटां बोलतलंस?” पपा म्हणाले. “माज्यासाटी? नको. माका चोर म्हणतत तितक्यान पुरे आसा.”

“पण पपा, हो म्हटल्यार तुका शिक्षा होतली.”

“आता मी काडलंय तर काडलंय मगे. माज्याच हातान.” ते उठले, पाणी प्यायला आत गेले. आतूनच म्हणाले, “विचारल्यानी तर खरां आसा तां सांग.”

पुढच्या महिन्यात माझी साक्ष आहे. वकिलांनी वाक्य पाठ करून घेतलं आहे, आधी ‘सगळ्याच हत्यारांची बटणं’ म्हणायचं आणि मग ‘हो’ म्हणायचं. ते म्हणतात, न्यायाधीश मध्येच थांबवतील, विचारलं तेवढंच सांगा म्हणतील. मग मला तेवढंच सांगावं लागेल. हो, त्यांनी मला सांगितलं होतं. हे खरं आहे, आणि याच्यावरच पपा आत जाणार आहेत.